काशीमीऱ्याची नव्व्याण्णव मेंढरं

रविवारी सकाळी मी कधी दारुडा असायचे, कधी कोळी, कधी तीन मुलांची विधवा आई, आणि एकदा तर बोलणारं गाढवसुद्धा. कारण पास्टर अंकल हिंदीत जे बोलायचे ते मी त्यांच्या शेजारी उभी राहून मराठीत बोलायचे, आणि त्यांचा नियम असा होता की मध्ये 'ते म्हणतात की' असं काही लावायचं नाही. ते 'मी' म्हणाले की मीही 'मी'च म्हणायचं. त्यांनी हात वर केला की माझाही हात वर. ते रडले तर मला रडायची सक्ती नव्हती, पण आवाज थोडा खाली आणावा अशी अपेक्षा असायची.

हे मी लिहितेय खरं, पण कसं लिहायचं ते मला नीट माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, आणि एखाद्या माणसाबद्दल कसं लिहायचं हे तिथे अजून कोणी शिकवलेलं नाही. प्रश्न असला की मला उत्तर लिहिता येतं. इथे प्रश्न अंकलच विचारून गेलेत, म्हणून धाडस करतेय.

आमचा प्रार्थनेचा हॉल म्हणजे भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. त्याची काळी भुकटी जिना चढून वर येते आणि खुर्च्यांवर, पडद्यांवर, ढोलकीवर बसते. त्यामुळे हॉलमध्ये कोणी पांढरे कपडे घालून आलं की हा माणूस नवीन आहे हे सगळ्यांना कळायचं, आणि परत जाताना त्याची पाठ बघितली की तो येऊन बसला होता हेही कळायचं.

आता खरी गोष्ट अशी की हॉलमधल्या सगळ्यांना हिंदी येत होती. आणि बहुतेकांना मराठीही समजत होती. कीबोर्ड वाजवणारा दादा उत्तरेकडचा, पण तो भाजीवाल्याशी मराठीत भांडायचा. राई गावाहून येणाऱ्या मावशी, ज्यांच्यासाठी म्हणून हे भाषांतर होतं असं सांगितलं जायचं, त्या दिवसभर मासे विकताना हिंदीच बोलायच्या. आणि अंकल स्वतः मराठवाड्यातले. त्यांची मराठी माझ्यापेक्षा चांगली होती. ते घरी मराठी बोलायचे, मला मराठीत ओरडायचे, आणि माईक हातात आला की हिंदीत सुरू व्हायचे, म्हणजे मग मी ते मराठीत करावं.

मी एकदा घाबरत घाबरत विचारलं, "अंकल, मग माझी गरज काय?"

ते म्हणाले, "एकाच तोंडानं दोनदा सांगितलं तर लोक म्हणतात, म्हातारा विसरला, परत तेच सांगतोय. दोन तोंडांनी सांगितलं तर ती साक्ष होते."

मला हे पटलं. अजूनही पटतं. पण बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला गेलं की ते हातातून निसटतं.

त्यांनी मला निवडलं ते पाण्याच्या टँकरमुळे. आमच्या चाळीत टँकर आला होता आणि ड्रायव्हर घरटी एकच ड्रम देणार म्हणून अडून बसला होता. मी त्याच्याशी हिंदीत भांडले. मग वर गॅलरीत उभ्या असलेल्या आईला खालूनच ओरडून सगळं भांडण मराठीत सांगितलं. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्यानं तंबाखू कशी थुंकली, सगळं. मागच्या रांगेत बादली घेऊन एक ठेंगणे, चष्मेवाले गृहस्थ उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "बाळा, मी दोन्ही ऐकलं. तू काही घातलं नाहीस, काही गाळलं नाहीस. रविवारी मोकळी असतेस का?"

आम्ही बौद्ध. घरी रविवारी सकाळी वंदना असते. बाबा काशीमीऱ्याच्या गोदामांमधून माल नेणारा टेम्पो चालवतात आणि सहसा कोणाला काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "तिकडचं बोलायचं असेल तर बोल. पण ते दुसऱ्याचं बोलणं आहे, हे ध्यानात ठेव." अंकल स्वतः घरी चहाला आले. बाबांनी तेच त्यांनाही ऐकवलं. अंकल बशीत चहा ओतत म्हणाले, "अहो, ती माझं बोलणार. मी तरी कुठं माझं बोलतो?" बाबांनी आणखी एक खारी पुढे केली. ठरलं असं की आमची वंदना आधी, हॉल नंतर.

पहिल्याच महिन्यात गोंधळ झाला. माझी आत्या एका शेजारणीबरोबर हॉलमध्ये आली होती, मला माहीत नव्हतं. त्या दिवशी अंकलनी आपली जुनी साक्ष, म्हणजे देवाकडे वळण्याआधीची कहाणी, सांगितली, आणि मी नियमाप्रमाणे, काही न गाळता, हात हलवत, सगळ्यांसमोर सांगितलं की मी रोज दारू प्यायचे, माझ्या बायकोनं मला घराबाहेर काढलं, मी जालन्याच्या स्टँडवर झोपले आणि तिथे माझी चप्पलसुद्धा चोरीला गेली. आत्यानं जिन्यातूनच बाबांना फोन लावला. "अरे, पोरगी काय काय सांगतीये रे लोकांना! कधी गेली होती ही जालन्याला?" बाबांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. आत्या म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण चप्पल तरी कुणाची गेली?"

अंकलची प्रार्थना तर आणखी अवघड. त्यांचा देवावर इतका विश्वास होता की ते त्याला पत्ता नीट सांगायचे. "प्रभू, जेसल पार्कच्या त्या बिल्डिंगमधल्या बी विंगच्या लिफ्टला स्पर्श कर." मी ते मराठीत. "तिचा दरवाजा मधेच उघडतो, प्रभू." तेही मी मराठीत. "आणि सेक्रेटरीच्या मनात कृपा घाल, म्हणजे तो मेकॅनिकला फोन करील." मेकॅनिक आला. लिफ्ट चालू झाली. पुढच्या रविवारी बी विंगच्या एका बाईंनी उठून साक्ष दिली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अंकल, आता ए विंग." अंकलनी डोळे मिटले सुद्धा.

पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते हे नाही.

सभा संपली, लोक खाली उतरले की अंकल माईकची वायर गुंडाळायचे आणि दर रविवारी मला एकच विचारायचे. "आज काय चुकलं?" मला वाटायचं, माझं काय चुकलं असं विचारताहेत. मी म्हणायचे, "अंकल, त्या एका ठिकाणी मी अडखळले." ते वैतागायचे. "तुझं नाही ग. माझं. मी आज काय चुकीचं बोललो?"

याचं उत्तर मला कधी देता आलं नाही. कॉलेजातही माझं हेच होतं. मॅडम विचारतात, "तुमचं मत काय?" आणि मी थांबते. आधी कोणीतरी बोलेल, मग मी ते नीट करून सांगेन, अशी वाट बघत राहते. मॅडमना वाटतं मी अभ्यास केलेला नाही. मी अंकलना दर वेळी म्हणायचे, "नाही, सगळं बरोबर होतं."

ते म्हणायचे, "तू दोनदा ऐकतेस. एकदा माझ्या तोंडून, एकदा स्वतःच्या. चूक सापडली तर तुलाच सापडणार. एखाद्या दिवशी सांग बाई, मला जरा बरं वाटेल."

आणि एका रविवारी ती सापडली.

अंकलना गोष्टी भाईंदरमध्ये आणून सांगायची सवय होती. परदेशातली नावं लोकांच्या लक्षात राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मेंढपाळाची गोष्ट होती. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, आणि मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्या एकाच्या मागे जातो. अंकल रंगात आले होते. "सोचो! निन्यानवे भेड़ें उसने कहाँ छोड़ीं? काशीमीरा के सिग्नल पर! और वो एक को ढूँढने निकला, कहाँ तक? जेसल पार्क की खाड़ी तक!"

मी मराठीत सांगितलं. 'काशीमीऱ्याच्या सिग्नलवर' असं म्हणताना माझा हात हवेत होता आणि तो तसाच राहिला. कारण मी काशीमीरा रोज बघते. बाबांचा टेम्पो तिथेच लागतो. हायवेवरून येणारे ट्रक, डावीकडून घुसणाऱ्या बस, उलट दिशेनं येणाऱ्या रिक्षा. तिथे माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, आणि हा नव्व्याण्णव मेंढरं उभी करून खाडीपर्यंत गेला. मी पुढची वाक्यं बोलत होते, पण माझ्या डोळ्यांसमोर ती मेंढरं होती. सिग्नल सुटला होता.

सभा संपली. अंकलनी वायर गुंडाळली. "आज काय चुकलं?"

माझ्या तोंडात आलं होतं. पण असं लगेच, तोंडावर कसं सांगायचं? मला वाक्य नीट जुळवायचं होतं. मी म्हणाले, "नाही, सगळं बरोबर होतं," आणि मनात ठरवलं की पुढच्या रविवारी सांगायचं.

अंकल गुरुवारी गेले. दुपारी छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात आंटी, म्हणजे त्यांची बायको, जवळ होत्या. नंतर आंटींनी मला सांगितलं की शेवटचं ते एवढंच बोलले, "स्कूटर सावलीत लावली का?"

दफनाच्या वेळी दुसरे एक पास्टर आले होते. त्यांनी चांगली प्रार्थना केली, हिंदीत, एकट्यानं. पहिलं वाक्य झालं आणि सगळे गप्प. ते थांबले. लोकही थांबलेले. कोणी आमेन म्हणेना. मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मागे, झाडाखाली, चपला सांभाळत उभी होते.

"बोल ना गो," राईच्या मावशी कुजबुजल्या, पण त्यांचं कुजबुजणं मासळी बाजारातलं. "मना कलतंय सगलं, पन तुजं झाल्याबिगर आमेन निंगत न्हाय."

मग मी मातीच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिले आणि मराठीत बोलले. आमेन निघालं. मी रडले नाही. पुढच्या वाक्याकडे लक्ष द्यायचं होतं.

काही आठवड्यांनी स्मरणसभा ठेवली. आंटींनी मला घरी बोलावलं. "तू बोलशील का त्यांच्याबद्दल? दुसऱ्या कोणाचं नाही. तुझं."

मला बोलायचं होतं. खरंच होतं. माझ्याजवळ त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते न देता त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा, हे मला सहन होत नव्हतं. मी घरी आरशासमोर उभी राहून प्रयत्न केला. तोंडच उघडेना. आधी कोणी काही बोललंच नव्हतं ना. आईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "तू काहीतरी बोल." आई म्हणाली, "काय बोलू? गॅस बंद कर." आणि मी अंकलच्या आवाजात, हात वर करून, "गैस बंद करो!" म्हणाले. माझी अवस्था अशी होती.

आंटींना मी नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग पाहुण्यांचं भाषांतर तरी कर."

पाहुणे लांबून, उत्तरेकडून आले होते. मोठे प्रचारक. पांढरा शुभ्र सफारी. त्यांची आणि अंकलची एका शिबिरात जेवणाच्या रांगेत भेट झाली होती, तेवढीच. बोलायला उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "यहाँ सब हिंदी समझते हैं न?"

सगळे म्हणाले, "हाँ."

"तो फिर अनुवाद की क्या ज़रूरत?"

पहिल्या रांगेतून राईच्या मावशी म्हणाल्या, "पायजे."

पाहुण्यांना मराठी अजिबात येत नव्हती, पण आवाजातला अर्थ कळला असावा. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. टेबलावर हार घातलेला अंकलचा फोटो होता. चष्मा नाकावर घसरलेला, नेहमीसारखा.

पहिली काही वाक्यं मी नीट केली. मग पाहुण्यांनी मूठ आवळली. "वो शेर थे! किसी से नहीं डरते थे!"

मी मूठ आवळली आणि म्हणाले, "ते कुत्र्यांना फार घाबरायचे."

हे कसं झालं मला सांगता येणार नाही. मी वाक्य शोधायला गेले आणि तिथे हेच ठेवलेलं होतं. तिसऱ्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. पाहुण्यांना उत्साह आला.

"उनका गीत सुनकर स्वर्गदूत भी रुक जाते थे!"

"ते गायला लागले की कीबोर्ड थांबायचा."

कीबोर्डवाल्या दादानं गंभीरपणे मान हलवली. "बरोबर आहे."

"उन्होंने कभी अपने पेट की चिंता नहीं की!"

"उपवासाच्या प्रार्थनेला ते दुपारपासून घड्याळ बघायचे. आणि आंटींना हळूच विचारायचे, भजी कांद्याची की बटाट्याची?"

आंटींनी पदर तोंडाला लावला. त्या रडताहेत की काय म्हणून मी थांबले. त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी हातानं खूण केली, पुढे चल.

"हज़ारों की भीड़ में उनकी आवाज़ गूँजती थी!"

"मॅचच्या दिवशी आम्ही इनमीन पाच माणसं असायचो. तरी ते माईक लावायचे. मला म्हणायचे, मोठ्यानं बोल, पाचव्याला ऐकू जात नाही."

"पाचवा मीच," मागून एक काका म्हणाले. "मला खरंच ऐकू येत नाही."

आता हॉलमध्ये लोक हसत होते आणि रडतही होते. पाहुण्यांच्या कपाळावर घाम होता, चेहऱ्यावर तेज होतं. इतका प्रतिसाद त्यांना बहुतेक कुठेच मिळाला नसावा. ते टेबलाला टेकले, भुकटीचा एक काळा पट्टा सफारीवर आडवा उमटला, आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"अंतिम घड़ी में उन्होंने स्वर्ग को खुला देखा।"

मी आंटींकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. मी म्हणाले, "शेवटी त्यांनी विचारलं, स्कूटर सावलीत लावली का."

कोणी हसलं नाही. एक काका उठले, खिडकीतून खाली उभ्या असलेल्या अंकलच्या स्कूटरकडे बघितलं, आणि परत येऊन म्हणाले, "लावलीय."

मग पाहुण्यांनी दोन्ही हात पसरले. "ऐसा जीवन! जिसमें कोई भूल नहीं! एक भी भूल नहीं!"

मीही दोन्ही हात पसरले. पण तोंडातून काही आलं नाही. सगळे वाट बघत होते. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून ते परत म्हणाले, "एक भी भूल नहीं!"

मी हात खाली घेतले आणि फोटोकडे वळले.

"चुकलं होतं, अंकल. काशीमीऱ्याच्या सिग्नलला मेंढरं सोडायची नव्हती. तिथे ट्रक असतात. ते एक सापडलं असतं, पण हा परत येईपर्यंत नव्व्याण्णव राहिली नसती. गोष्ट बरोबर आहे. जागा चुकली. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी पुढच्या रविवारी सांगणार होते."

मग पहिल्या रांगेतून आवाज आला.

"आमेन," राईच्या मावशी म्हणाल्या.

"आमेन," दादा म्हणाला. मग काका, मग बी विंगच्या बाई, मग सगळा हॉल. पाहुण्यांनी डोळे मिटून दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाले.

नंतर जेवण होतं. पाहुणे मला शोधत आले आणि म्हणाले, "बेटी, बहुत लोगों ने मेरा अनुवाद किया है, पर ऐसा असर नहीं देखा।" मी हात जोडले. ते जिना उतरायला लागले, तेव्हा त्यांची पाठ पूर्ण काळी झाली होती. येऊन बसले होते, हे कळत होतं.

आंटी स्वतः वाढत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि पातेलं खाली ठेवलं.

"तू तर म्हणालीस बोलणार नाही."

"मी कुठे बोलले, आंटी, मी तर फक्त त्यांच्या मागून..."

"गप," त्या म्हणाल्या. माझ्या ताटात त्यांनी मटणाचा रस्सा वाढला. मग म्हणाल्या, "मीपण त्या दिवशी घरी आल्यावर त्यांना तेच म्हटलं होतं. अहो, काशीमीऱ्याला कोण मेंढरं सोडतं? राईच्या बाजूला सोडा, तिथे थोडं गवत तरी उरलंय. ऐकेनात. म्हणाले, ती पोरगी काही बोलली नाही, म्हणजे बरोबरच असणार."

त्या पुढच्या पानाकडे गेल्या. मी भाकरी मोडली आणि तशीच ताटात परत ठेवली. मागून पाचवे काका विचारत होते, "काय म्हणाल्या आंटी?" आणि मी वळून, मोठ्या आवाजात, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.